इजिप्तमधली रोमन नाणी, बजेट २५,०००: सुरुवात कुठून करावी?

सयाजीगंजकर

नमस्कार मंडळी. बडोदा संस्थान आणि ब्रिटिश इंडिया बऱ्यापैकी ओळखता येतं. आता अलेक्झांड्रियाच्या टाकसाळीची रोमन काळातली नाणी जमवायची आहेत. एकूण बजेट २५,००० रुपये, घाई नाही. शोकेसमध्ये मिरवायची नाहीत, पण राजा आणि वर्ष वाचता आलं पाहिजे.

इथेच बडोद्यात एक व्यापारी १० नाण्यांचा लॉट १८,००० ला देतोय. मोजमाप घेऊन आलो आहे. आठ नाणी १८ ते २० मिमी, वजन ६.८ ते ८.१ ग्रॅम, जाडसर, मागे गरुड किंवा उभी बाई. एक २४ मिमी, ११.२ ग्रॅम. एक मोठं तांब्याचं ३३ मिमी, १९ ग्रॅम, मागे हत्तींचा रथ. "भरूचच्या बाजूला सापडलेली आहेत" असं तो सांगतो.

लॉट घ्यावा का? वर्ष कसं वाचायचं? खोटं कसं ओळखायचं? आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ही टिकतात का? बाहेरून मागवलं तर कस्टमचं काय?

---

हिणकस

आधी भरूच. ही गोष्ट ऐकायला गोड आहे, कारण बारिगाझा म्हणजे भरूच आणि रोमचा व्यापार सगळ्यांना शाळेपासून माहीत. पण रोमन इजिप्तचं चलन बंदिस्त होतं. बाहेरचा पैसा आत आला की बदलून घ्यायचा, आणि अलेक्झांड्रियाचं नाणं इजिप्तबाहेर चालत नसे. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके आणि मायोस होर्मोस बंदरांतून निघालेली जहाजं भारतात आणत ती साम्राज्यभर चालणारी चांदीची देनारियस आणि सोन्याची ऑरियस. 'पेरिप्लस' या त्या काळच्या ग्रीक सागरी व्यापाराच्या पुस्तकातही बारिगाझाला रोमन सोन्याचांदीची नाणी फायद्यात बदलली जात आणि मिनँडर, अपोलोडोटस या इंडो-ग्रीक राजांचे जुने द्राक्मा (ग्रीक चांदीची नाणी) बाजारात फिरत, असंच लिहिलंय. तिथे अलेक्झांड्रियाचा माल एकगठ्ठा निघण्याचं कारण नाही. लॉट बहुधा परदेशातून घाऊक आलेला आहे आणि गोष्ट भाव चढवायला जोडली आहे. खरोखर जमिनीतून निघालेला असेल तर प्रकरण आणखी वाईट. १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्याने १० रुपयांहून जास्त किमतीचं जमिनीतलं धन सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं. म्हणजे गोष्ट खोटी असली तर तुम्ही जास्त पैसे देताय, खरी असली तर लफड्यात पडताय.

आता माल. तुमच्या आठ नाण्यांचं मोजमाप प्रोबस ते डायोक्लेशियन या काळाशी बरोबर जुळतं, म्हणजे इ. स. २७६ ते २९६. ही टेट्राड्राक्म. नाव चार द्राक्मांचं, सरकारी हिशेबात एका देनारियसच्या बरोबरीचं, धातू हिणकस चांदी. टायबेरियसने इ. स. २०-२१ मध्ये हे नाणं सुरू केलं. नीरोच्या वेळी त्यात चांदी साधारण सहावा हिस्सा होती, कोमोडसच्या वेळी आणखी घसरली, आणि डायोक्लेशियनपर्यंत चांदी नावापुरतीच उरली. वजनानेच काळ कळतो:

नीरो: २३ ते २६ मिमी, १२ ते १३ ग्रॅम.
गॅलिएनस, क्लॉडियस दुसरा: २२-२३ मिमी, ९ ते साडेदहा.
प्रोबसपासून पुढे: १८ ते २० मिमी, ७ ते ८.

स्वस्तात सुरुवात करायची तर शेवटचाच गट. परदेशी लिलावांत बऱ्या स्थितीतलं, वर्ष वाचता येणारं नाणं साधारण २० ते ४५ डॉलरला जातं. गॅलिएनस, त्याची राणी सालोनिना आणि क्लॉडियस दुसरा याच पट्ट्यात किंवा किंचित वर. नीरो साधारण ६० पासून पुढे. ऑरेलियन एका बाजूला आणि सीरियातल्या पामिराचा राजा वाबालाथस दुसऱ्या बाजूला असलेलं नाणं महाग पडतं, पण इतिहासासाठी एक तरी हवं. त्याची आई झेनोबियाच्या नावाचं नाणं विसरा, ते आपल्या खिशातलं नाही.

संग्रहाला दिशा हवी असेल तर एकच राजा वर्षवार जमवा. डायोक्लेशियन सर्वांत सोपा, वर्ष १ ते १२. दुसरा मार्ग म्हणजे एकच चित्र, वेगवेगळे राजे. गरुड सर्वांत स्वस्त पडतो. त्यात न्यूमेरियनचा एक प्रकार मजेदार आहे: दोन निशाणांच्या मध्ये गरुड आणि 'दुसरी ट्रायाना' या लीजनचं (रोमन सैन्यदलाचं) नाव.

---

रावपुरावाली

वर्ष वाचण्याबद्दल मी लिहिते, कारण इथेच सगळे अडकतात.

मागच्या बाजूला चित्राच्या शेजारी इंग्रजी 'एल'सारखी खूण शोधा. तिचा अर्थ 'वर्ष'. तिच्या पुढचं अक्षर म्हणजे आकडा, ग्रीक वर्णमालेतला: अल्फा १, बीटा २, गॅमा ३, डेल्टा ४, एप्सिलॉन ५, मग ६ साठी शेपटीवाल्या 'सी'सारखं स्टिग्मा, झीटा ७, ईटा ८ (इंग्रजी 'एच'सारखं दिसतं), थीटा ९, आयोटा १०. पुढे आयोटा-अल्फा म्हणजे ११, आयोटा-बीटा म्हणजे १२, कप्पा म्हणजे २०. खूण कधी चित्राच्या डावीकडे, आकडा उजवीकडे, असंही असतं. एकत्र शोधत बसू नका. काही राजांच्या नाण्यांवर, विशेषतः ऑरेलियनच्या, खुणेऐवजी 'वर्ष' हा शब्दच पूर्ण लिहिलेला असतो.

हे राज्यारोहणापासून मोजलेलं वर्ष, पण इजिप्तच्या पंचांगाने. त्यांचं नवं वर्ष २९ ऑगस्टला सुरू (लीप वर्षाच्या आधी ३० ला). राजा गादीवर आला त्या दिवसापासून पुढच्या २८ ऑगस्टपर्यंत वर्ष १, मग तो एकच महिना का असेना. डायोक्लेशियन २० नोव्हेंबर २८४ ला आला, म्हणजे वर्ष १ हे २८४-८५, वर्ष ३ हे २८६-८७. हिशेब सोपा: सुरुवातीच्या सनात वर्षाचा आकडा मिळवा, एक वजा करा. मॅक्सिमियन एक वर्ष मागे, त्याचं वर्ष १ म्हणजे २८५-८६. दोघांची नाणी एकत्र पाहताना हा फरक विसरला की सगळी यादी सरकते. प्रोबसचं वर्ष १ जेमतेम काही आठवड्यांचं, म्हणून त्याची नाणी वर्ष २ पासूनच जास्त दिसतात.

गोंधळाची अक्षरं सांगून ठेवते. एप्सिलॉन तिथे गोल काढतात, अर्धचंद्रात आडवी रेघ. झिजलं की थीटासारखं दिसतं. उजवी बाजू उघडी असेल तर ५, बंद असेल तर ९. स्टिग्मा आणि सिग्मा एकसारखे वाटतात; शेपूट खाली वळलेली आहे का ते पाहा. अल्फाची आडवी रेघ बरेचदा नसतेच, म्हणून तो लॅम्डा वाटतो, पण लॅम्डा म्हणजे ३० आणि प्रोबस ते डायोक्लेशियन या राजांत कोणीच ३० वर्षं पोचलं नाही. हेड्रियनच्या नाण्यांवर ९ साठी थीटा टाळून 'नववं' हा शब्द अक्षरी लिहिलेला आढळतो, १९ सुद्धा तसंच. थीटा हे मृत्यूचं अक्षर मानत, त्यामुळे.

राजाचं नाव पुढच्या बाजूला डावीकडून उजवीकडे. सुरुवात बहुतेक 'ए-के' (ऑटोक्रेटर कैसर), शेवट 'सी-ई-बी' (सेबास्टॉस). मधली तीन-चार अक्षरं मिळाली तरी पुरतात. 'पी'सारखं दिसतं ते 'र', 'सी'सारखं दिसतं ते 'स', 'एच'सारखं ते 'ई'. वाचताना प्रकाश समोरून नको. खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च नाण्याच्या कडेला आडवा धरा आणि नाणं हळूहळू फिरवा.

मिळालेलं राजा + वर्ष + चित्र आरपीसीच्या (रोमन प्रॉव्हिन्शियल कॉइनेज) ऑनलाइन सूचीत टाका, फुकट आहे. अलेक्झांड्रियाच्या नाण्यांची एमेटची सूची विक्रेते नेहमी सांगतात, त्यातला 'आर' म्हणजे दुर्मिळता, आर १ ते आर ५. नुसत्या 'आर ४' वर भुलून पैसे देऊ नका. गरुडाच्या मानेची दिशा बदलली म्हणून दुर्मिळ झालेलं नाणं विकायला गेलात की कोणी जास्त देत नाही.

---

सयाजीगंजकर

रावपुरावाली ताई, टॉर्चची युक्ती चालली. व्यापाऱ्याने अर्धा तास हाताळू दिलं. आठांतल्या पाचांचं वर्ष वाचता आलं: डायोक्लेशियन ३ आणि ८, मॅक्सिमियन ५ (उघडा एप्सिलॉन, नक्की), प्रोबस ४ आणि ६. बाकी तीन गुळगुळीत.

२४ मिमीच्या नाण्यावर पुढे किरणांचा मुकुट घातलेलं जाड मानेचं डोकं. मागे एक मुखवटा, डोक्यावर हत्तीची सोंड आणि सुळा दिसतो, उजवीकडे 'एल', आयोटा, बीटा.

---

हिणकस

तो नीरो आहे. वर्ष १२, म्हणजे इ. स. ६५-६६. मागचा मुखवटा म्हणजे अलेक्झांड्रिया नगरी, हत्तीचं कातडं शिरस्त्राणासारखं घातलेली. भोवती 'ऑटोक्रा' अशी अक्षरं मिळायला हवीत. नीरोच्या टेट्राड्राक्मांमध्ये हा प्रकार भरपूर मिळतो, पण अख्ख्या लॉटमधलं सर्वांत चांगलं नाणं तेच. ११.२ ग्रॅम थोडं कमी आहे. झीज असेल तर चालून जाईल. डोकं ठसठशीत आणि वजन इतकं कमी असं असेल तर मात्र थांबा.

---

ताम्रपट

थांबायचं कशासाठी ते मी सांगतो.

या नाण्यांबाबत एक गोष्ट नवख्याला नेहमी फसवते. अलेक्झांड्रियाच्या टाकसाळीत कोऱ्या चकत्या साच्यात ओळीने ओतत, मग तोडून ठोकत. त्यामुळे अस्सल नाण्याच्याही कडेला समोरासमोर दोन तुटक्या टोकांच्या खुणा, कड तिरकी, असं दिसतं. "कडेला ओतल्याची खूण म्हणजे खोटं" हा नियम इथे लावलात तर चांगली नाणी परत कराल. खोट्याची लक्षणं वेगळी आहेत. पूर्ण परिघावर फिरणारी बारीक सांध्याची रेघ किंवा ती घासल्याच्या आडव्या चऱ्या. सपाट भागात आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत सुईच्या टोकाएवढे गोल खड्डे. अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोल, पण झीज म्हणावी तर उंच आणि खोल भाग सारखेच मऊ. खऱ्या झिजेत गाल आणि केस आधी जातात, खळग्यातलं शाबूत राहतं. आणि दोन नाण्यांवर भेग, ओरखडा, मध्य सरकलेला, हे सगळं तंतोतंत सारखं दिसलं तर दोन्ही परत करा.

वाळूसारखा पिवळट थर लावून विकणं हाही धंदा आहे. कापसाच्या काडीवर ॲसिटोन घेऊन कडेला एक थेंब लावा. लॅकरने चिकटवलेली माती निघून येते, खरी बसलेली माती हलत नाही. व्यापारी हे करू देत नसेल तर तेवढ्यावरून समजायचं.

हत्तीरथाचं ३३ मिमी: ही ब्राँझ द्राक्मा. १९ ग्रॅम अशक्य नाही, ही १८ पासून २८ पर्यंत मिळतात. पण मोठ्या द्राक्मा बहुतेक खूप झिजलेल्या असतात आणि म्हणूनच त्यांच्यावर कोरणी चालवतात. हत्तीरथासारखं मागणीचं चित्र म्हणजे आणखी मोह. भिंग घेऊन अक्षरांच्या भोवतीचं पृष्ठ पाहा. तिथलं आजूबाजूपेक्षा खोल गेलंय का, केसांच्या रेघा सुरीने ओढल्यासारख्या सरळ आहेत का, आणि त्या खाचांत पॅटिना (काळाने बसलेला घट्ट थर) नसून उघडा धातू किंवा एकसारखा रंग आहे का? यातलं एकही दिसलं तर सोडा. नवख्याने पहिल्या फेरीत द्राक्मा घेऊच नये असं माझं मत. हेड्रियन आणि अँटोनायनस पायसच्या द्राक्मांवर नाईल, सेरापिस देव, फारोसचा दीपस्तंभ, राशिचक्र अशी चित्रं आहेत, त्यामुळे जीव तुटतो हे कबूल. पण २५,००० मध्ये एकच येईल आणि तीही अर्धी पुसलेली.

आता पाऊस. बडोद्यात जुलै-ऑगस्टला हवेत जेवढी ओल असते त्यात तांब्याचं प्रमाण जास्त असलेलं नाणं उघडं ठेवणं म्हणजे रोगाला आमंत्रण. धातूत अडकलेलं क्लोराइड, ओल आणि ऑक्सिजन भेटले की आम्ल तयार होतं, ते तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड सुटतं. फिकट हिरवी पावडर दिसते, नखाने खरवडली की भुकटी पडते. घट्ट, गडद, काचेसारखा हिरवा थर हा रोग नव्हे, तो पॅटिना आहे, त्याला हात लावू नका.

ठेवायचं कसं: हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, काटा ४० टक्क्यांच्या खाली. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये तापवून वाळवा. पीव्हीसीचे मऊ पाऊच टाळा, कालांतराने चिकट हिरवं सुटतं. मायलर (कडक पॉलिएस्टर) किंवा कागदी पाकिटं घ्या. प्लायवूड आणि एमडीएफच्या ड्रॉवरमधून आम्लाची वाफ सुटते, स्टीलचं कपाट बरं. रबरबँड डब्यात नको, त्यातलं गंधक नाणं काळवंडतं.

रोग दिसलाच तर ते नाणं वेगळं काढा. भुकटी लाकडी टूथपिकने खरवडा. मग १ लीटर डिस्टिल्ड पाण्यात २५ ग्रॅम धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट) आणि २५ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवून त्यात बुडवा, आठवड्याला पाणी बदला. आठवडे लागतात, कधी महिने. पॅटिनावर निळसर छटा येऊ शकते, हा त्याचा तोटा. शेवटी दोन-तीन दिवस नुसतं डिस्टिल्ड पाणी, मग पूर्ण कोरडं. नळाचं पाणी नको, त्यातच क्लोराइड असतं; आरओचंही भरवशाचं नाही.

आणि घरच्यांना सांगून ठेवा: चिंच-मीठ, लिंबू, भांडी घासायची पावडर यांतलं काहीही नाही. देव्हाऱ्यातला तांब्या चकचकीत होतो तसं नाणं होईल आणि भाव शून्य होईल.

---

जुनीपेटी

कायद्याचं थोडक्यात, कारण हे खरेदीच्या आधी माहीत हवं.

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनं नाणं 'पुरावशेष' ठरू शकतं. विक्रीचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो, तो दाखवायला सांगा. निर्यात फक्त केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्था करू शकते. याचा व्यवहारात अर्थ असा: बाहेरच्या डीलरची 'आवडलं नाही तर परत पाठवा' ही हमी आपल्यासाठी कागदावरच. नाणं भारतात आलं की परत पाठवणं म्हणजे निर्यात. म्हणून मोठे फोटो, वजन आणि दोन्ही बाजूंचा खुलासा पैसे देण्याआधी. पुढे परदेशी लिलावात विकू हा विचारही डोक्यातून काढा.

आयात करता येते. विक्रेत्याला पाकिटावर खरं वर्णन लिहायला सांगा: प्राचीन नाणं, १०० वर्षांहून जुनं, संग्राहकाची वस्तू, कस्टम हेडिंग ९७०५. नुसतं 'सिल्व्हर कॉइन' लिहिलं की चांदीच्या नियमांची चौकशी लागते आणि पाकीट अडकतं. किंमत कमी दाखवा म्हणून सांगू नका. इनव्हॉइस आणि पेमेंट जुळलं नाही की तुमचाच त्रास. पोस्टेज १५-३० डॉलर सहज जातो, त्यामुळे एकेक २५ डॉलरचं नाणं मागवणं वेडेपणा. एकाच डीलरकडून ४-५ एकत्र घ्या.

इजिप्तचा १९८३ चा ११७ क्रमांकाचा कायदा तिथल्या पुरावशेषांचा व्यापार आणि निर्यात बंद करतो. त्यामुळे जुन्या संग्रहाची चिठ्ठी, १९८३ पूर्वीच्या लिलावाचा उल्लेख असलेलं नाणं मिळालं तर १०-२० टक्के जास्त द्यायला हरकत नाही. चिठ्ठी नाण्यासोबतच ठेवा, वेगळ्या फायलीत नको.

---

सयाजीगंजकर

सगळ्यांचे आभार. म्हणजे लॉट सोडू? की नीरो आणि वर्ष वाचलेली पाच तेवढी मागू?

---

हिणकस

लॉट नका घेऊ, निवड मागा. वाचलेली पाच, प्रत्येकी २,००० च्या आत. नीरो ६,००० पर्यंत, पण ताम्रपटभाऊंनी सांगितलेली कडेची आणि खड्ड्यांची तपासणी तुमच्या हाताने झाल्यावरच. तीन गुळगुळीत आणि हत्तीरथ त्याच्याकडेच राहू देत. तो "सगळे घ्या नाहीतर नाही" म्हणाला तर नाही म्हणा. प्रोबस आणि डायोक्लेशियन जगात कुठेही मिळतात.

बिलावर राजा, वर्ष, व्यास, वजन लिहून घ्या. ०.०१ ग्रॅमचा सोनारकाटा स्वतःचा न्या, दुकानातला नको. आणि बिलावर 'भरूच' लिहायला तो तयार आहे का, तेवढं विचारून बघा.